डिजिटल म्हणजे काय, हे पन्नाशी ओलांडलेल्या विद्यार्थिनींना कसं समजवावं?

वाचनालयातली ताई (रविवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी.

नागपुरात प्रतापनगरजवळच्या आमच्या छोट्या वाचनालयात दर रविवारी सकाळी मी संगणकाचा वर्ग घेते. फी नाही, परीक्षा नाही, प्रमाणपत्रही नाही. सध्या अकरा जणी येतात. सगळ्यांत लहान ५४ वर्षांच्या, सगळ्यांत मोठ्या आजी ७३ च्या.

आज पहिला धडा होता आणि तो फसला. मी फळ्यावर लिहिलं, "माहिती ० आणि १ या दोन अंकांच्या रूपात साठवणारं तंत्रज्ञान म्हणजे डिजिटल." सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. मग आजींनी हात वर केला. "बाई, माझ्या फोनमध्ये नातवाचा फोटो आहे. त्याच्यात शून्य कुठं आहे?" उत्तर मला येत होतं, पण त्यांच्या हाती लागेल असं ते देता आलं नाही.

पुढे संगणकाचे प्रकार घेतले. सुपर, मेनफ्रेम, मिनी, मायक्रो. एका काकूंनी विचारलं, "मग माझा फोन कशात बसतो?" या काकू रोज फोनवरून गॅस नोंदवतात, पुण्यातल्या मुलीला पैसे पाठवतात, भजनी मंडळाच्या तारखा सगळ्यांना कळवतात. तरी घरी त्यांना सारखं ऐकावं लागतं, की तुला कम्प्युटर येत नाही. दिवसभर संगणक हातात घेऊन फिरणाऱ्या बाईला हे ऐकावं लागावं याचं मला फार वाईट वाटलं.

मला व्याख्या नकोत, त्या पुस्तकात आहेत. स्वयंपाकघरातली, बाजारातली, तुमच्या कामाच्या जागेवरची उदाहरणं द्या. पुढच्या रविवारी तोच धडा पुन्हा घेणार आहे.


धरमपेठ_२२ (रविवार, रात्री १०:०५)

ताई, मी सध्या स्पर्धा परीक्षांची तयारी करतोय. त्यात संगणकाचे प्रकार ठरलेले असतात. आकार आणि वेगानुसार चार: सुपर, मेनफ्रेम, मिनी, मायक्रो. कामाच्या पद्धतीनुसार तीन: अॅनालॉग, डिजिटल, हायब्रिड. फोन मायक्रोमध्ये टाका आणि पुढे चला. इतक्या खोलात गेलात तर वर्ग कधी संपणार?


इतवारीकर (सोमवार, सकाळी ६:५०)

ताई, तुमच्या आजींना हे सगळं आधीपासून येतं. त्याला डिजिटल म्हणतात, एवढंच त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

माझ्या वडिलांचं इतवारीत धान्याचं दुकान होतं. मेट्रिक मापं १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली, तेव्हा मी सात वर्षांचा होतो. त्याआधीची लोखंडी वजनं अजून माझ्या माळ्यावर आहेत. शेर. त्याच्या निम्मं अच्छेर, त्याच्या निम्मं पावशेर, त्याच्या निम्मं अदपाव, त्याच्या निम्मं छटाक. एका शेराचे सोळा छटाक. आता बघा, प्रत्येक वजन मागच्याच्या बरोबर अर्धं आहे.

गिऱ्हाईक म्हणालं तेरा छटाक डाळ द्या. वडील काय करत? अच्छेर म्हणजे आठ छटाक, तो पारड्यात ठेवला. पावशेर म्हणजे चार, तोही ठेवला. बारा झाले. अदपाव म्हणजे दोन, तो ठेवला तर चौदा होतील, म्हणून बाजूला. छटाक ठेवला. तेरा. मोठ्या वजनाकडून लहानाकडे वाचत गेलो तर आहे, आहे, नाही, आहे. 'आहे'ला १ आणि 'नाही'ला ० लिहा: ११०१. संगणकाच्या भाषेत तेरा हा आकडा असाच लिहितात. माझ्या वडिलांनी आयुष्यात संगणक पाहिला नाही, पण ते दिवसातून दोनशे वेळा हेच करत होते.

चार वजनांत शून्यापासून पंधरा छटाकांपर्यंत कुठलंही माप निघतं. पाचवं वजन म्हणून शेर घेतला की एकतीसपर्यंत. एक वजन वाढलं की पोच दुप्पट होते. वजन पारड्यात असतं किंवा नसतं, अर्धवट ठेवता येत नाही. अशा एका हो-नाहीला बिट म्हणतात. आठ बिटांचा एक बाइट, आणि आठ वजनांत ० ते २५५ असे २५६ आकडे मावतात.

नाण्यांचंही तेच होतं. रुपयाचे सोळा आणे, आठ आण्यांची अधेली, चार आण्यांची पावली, दोन आण्यांची चवली, मग आणा. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि हिशेब शंभरावर गेला. पण 'सोळा आणे खरं' अजून आपण म्हणतोच. संगणकवाले आजही लांबलचक शून्य-एक आखूड करून लिहायला सोळाचाच हिशेब वापरतात, हे मला माझ्या नातीनं सांगितलं तेव्हा वडिलांची फार आठवण आली.

वजनं हवी असतील तर सांगा, घासूनपुसून आणून देतो.


वाचनालयातली ताई (सोमवार, सकाळी ८:१५)

काका, हे वाचून मी कागदावर मे महिन्यातले ४७ अंश मांडून पाहिले. ३२ आहे, १६ नाही, ८ आहे, ४ आहे, २ आहे, १ आहे. १०११११. दहा वर्षं हा विषय शिकवतेय आणि हा आकडा आज पहिल्यांदा हातानं उचलल्यासारखा वाटला. वजनं नक्की हवीत. मी घ्यायला येते.

आता आजींच्या फोटोचं कोण सांगतंय?


अक्षरजुळारी (सोमवार, दुपारी १:२०)

फोटोचं मी सांगतो, ताई. महालात माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवून द्यायचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणपतीचे फलक, तीस वर्षं हेच.

लोक फोनमधला लहानसा फोटो आणतात आणि म्हणतात, भाऊ, सहा फुटांचा फलक करून द्या. फोटो ताणत गेलं की चेहरा जातो आणि चौकोन दिसायला लागतात. ते चौकोन आजींना दाखवा. रांगोळीच्या ठिपक्यांसारखेच ते आहेत. फरक एवढाच, की इथे रेषा नाहीत, ठिपकेच इतके दाटीनं बसवलेत की डोळ्यांना चेहरा दिसतो. प्रत्येक ठिपक्यासाठी तीन आकडे: लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५, म्हणजे इतवारीकर काकांची आठ वजनं. बारा मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ४००० गुणिले ३०००, एक कोटी वीस लाख ठिपके. नातवाच्या गालावरचा एक ठिपका घेतला तर त्याच्या तीन आकड्यांत शून्यं आणि एक मिळून चोवीस. आजींचं शून्य तिथं आहे.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय, अक्षरं. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडाच कळतो. म्हणून प्रत्येक अक्षराला क्रमांक दिलाय. युनिकोड नावाच्या जगभरच्या क्रमांक-यादीत 'क'चा क्रमांक २३२५. 'नागपूर' लिहिलं की आत साठतं ते असं: न २३४४, काना २३६६, ग २३२७, प २३४६, दीर्घ उकार २३७०, र २३५२. जगातल्या कुठल्याही फोनवर हे सहा क्रमांक गेले की तिथं 'नागपूर'च उमटणार.

पूर्वी असं नव्हतं आणि त्यापायी आम्ही फार भोगलंय. कृतिदेवसारख्या फॉन्टांत संगणकाच्या लेखी आपण इंग्रजीच लिहीत होतो. 'नागपूर' टाइप केलं की आत साठायचं यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे. वर फक्त देवनागरीचा पोशाख. फाइल दुसऱ्या संगणकावर नेली आणि तिथं तो फॉन्ट नसला, की पोशाख उतरायचा आणि अगम्य इंग्रजी अक्षरं समोर यायची. एकदा एका गावच्या देवस्थानाचं सव्वाशे पानांचं स्मरणिकेचं काम असंच अडकलं होतं. छापखान्यात फॉन्ट वेगळा निघाला, आणि ऱ्हस्व वेलांट्या, रफार, जोडाक्षरं एकेक करून दुरुस्त करत आम्ही दोघं सलग तीन रात्री बसलो. युनिकोडच्या १९९१ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे, पण आमच्या गल्लीपर्यंत ती पोचायला कितीतरी वर्षं लागली. आपला मराठी 'ॲ' तर त्यात २००८ साली आला. तोवर 'अ'वर चंद्र ठेवून भागवत होतो, आणि आजही पुष्कळजण तसंच करतात.

देवनागरीला जागा जास्त लागते, हेही वर्गात सांगा. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं मावतात, मराठीत ७०. संदेशाची जागा तेवढीच, १४० बाइट. इंग्रजीला प्रत्येकी सात बिट पुरतात, आपल्या अक्षराला सोळा देतात, आणि काना-मात्राही वेगळे मोजले जातात. "मराठीत लिहिलं की एका संदेशाचे दोन का होतात" असं कोणी विचारलं तर हे कारण.


धरमपेठ_२२ (सोमवार, दुपारी २:००)

काका, यू-के-एक्सचं माहीत नव्हतं. वडिलांच्या जुन्या फाइल उघडल्या की असंच दिसतं. मला वाटायचं त्या खराब झाल्या.


अक्षरजुळारी (सोमवार, दुपारी २:१०)

नाही रे बाळा, फाइल शाबूत असते. फॉन्ट बदलणारा परिवर्तक वापर, सगळं परत मिळेल. टाकून देऊ नको.


मीटरकाका (सोमवार, सायंकाळी ७:३०)

मी वीज खात्यात ३४ वर्षं नोकरी केली. सदर, मंगळवारी, जरीपटका, सगळ्या गल्ल्या पायाखालच्या. अॅनालॉग आणि डिजिटल यातला फरक घरच्या मीटरवर फार चांगला कळतो.

जुन्या मीटरमध्ये अॅल्युमिनियमची चकती असायची. वीज जास्त ओढली की जोरात फिरायची, कमी ओढली की हळू. मधला कुठलाही वेग तिला घेता येत होता. हे अॅनालॉग. पाऱ्याचा थर्मामीटर तसाच, पारा दोन रेघांच्या मध्ये कुठेही थांबू शकतो. नव्या मीटरमध्ये फिरणारं काही नाही. आतली चिप सेकंदाला हजारो वेळा व्होल्टेज आणि करंट मोजते, त्यांचे आकडे करते, गुणते आणि बेरीज मारते. ठरावीक वीज गेली की लाल दिवा एकदा लुकलुकतो. बऱ्याच मीटरांवर युनिटला ३२०० लुकलुक असं छापलेलं असतं. हजार वॅटची इस्त्री लावून बाकी सगळं बंद केलं, तर साधारण सव्वा सेकंदाच्या आत एक लुकलुक दिसेल. विद्यार्थिनींना घरी मोजायला सांगा, पण आधी आपल्या मीटरवरचा आकडा वाचायला लावा, तो वेगळा असू शकतो.

एक गैरसमज मात्र काढून टाका. आकडे दिसले म्हणजे डिजिटल, असं नाही. जुन्या चकतीच्या मीटरवरही आकड्यांची चाकं होतीच. आणि भिंतीवरचं सेलचं काटेवालं घड्याळ बघा. दिसायला अॅनालॉग, पण पोटात डिजिटल. आत क्वार्ट्झचा बारीक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. चिप त्या आकड्याचं निम्मं करते, त्याचं निम्मं, पुन्हा निम्मं, असं पंधरा वेळा. शेवटी उरतो सेकंदाला एक ठोका, त्यावर काटा सरकतो. इतवारीकर साहेब, तुमचा शेर-अच्छेर-पावशेराचाच हिशेब आहे हा, फक्त पंधरा पायऱ्यांचा.

आता दोनच अंक का, दहा का नाही? याचं उत्तर नागपूरच्या उन्हाळ्यात आहे. मे महिन्यात सगळ्या घरांत कूलर आणि एसी लागले की व्होल्टेज पडायचं. २३० चं १८० व्हायचं, बल्ब पिवळा पडायचा. त्या पिवळ्या बल्बकडे पाहून व्होल्टेज नेमकं १८० आहे की १८५, हे कोणाला सांगता येईल? पण दिवा लागलाय की विझलाय, हे लहान मूलही सांगेल. संगणकाच्या आत अब्जावधी ट्रान्झिस्टर म्हणजे अब्जावधी बारीक बटणं आहेत. त्यांच्यातही करंट थोडा कमीजास्त होतोच. दहा पातळ्या ओळखायला लावल्या तर चुका होतील. लागलंय की विझलंय एवढंच विचारलं तर उत्तर पक्कं मिळतं, आणि त्याची हजारदा नक्कल केली तरी ते बिघडत नाही. कॅसेटवरून कॅसेट भरली की दरवेळी आवाज खराब व्हायचा, आणि फोनवर आलेलं गाणं कितीही जणांना पुढे पाठवलं तरी त्याचा एक बिटही बदलत नाही, त्याचं कारणही हेच.


वॉर्डातली सिस्टर (सोमवार, रात्री ११:१०)

ड्युटी संपवून वाचतेय, थोडक्यात लिहिते. पुस्तकातला हायब्रिड प्रकार आमच्या आयसीयूत समजतो. रुग्णाच्या छातीवर चिकटवलेल्या पट्ट्यांमधून येणारा विजेचा संदेश अखंड लाटेसारखा असतो, तो अॅनालॉग. मॉनिटर त्याची क्षणाक्षणाला मोजणी करून आकडे बनवतो आणि ठोके ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की घंटा वाजवतो. आजच्या मॉनिटरमध्ये गणित करणारा भाग पूर्ण डिजिटलच असतो, पण शरीर मात्र अॅनालॉग बोलतं. मधला दुभाषी नीट लावणं हे आमचं काम. पट्टी सैल झाली तर उत्तम यंत्रही चुकीचा आकडा दाखवतं.


आरक्षण खिडकी (मंगळवार, सकाळी ११:००)

धरमपेठ_२२, तुमचे चार प्रकार परीक्षेपुरते ठीक आहेत. पण आकारावरून शिकवलं तर त्या काकूंना काहीच कळणार नाही. मी नागपूर स्टेशनवर आरक्षणाच्या खिडकीत वर्षानुवर्षं बसले, म्हणून मेनफ्रेमच्या जातीचा संगणक काय करतो ते सांगते.

आधी रजिस्टरं होती. एका गाडीचं, एका तारखेचं पान एकाच क्लार्कसमोर उघडं. दुसऱ्या खिडकीवर त्याच गाडीचा प्रवासी आला तर त्यानं थांबायचं. परतीचं तिकीट दुसऱ्या शहरातून हवं असेल तर तार करायची आणि उत्तराची वाट पाहायची. दिवाळीत लोक रात्रभर रांगेत झोपायचे.

मग समोर पडदा आणि कीबोर्ड आला. त्यात स्वतःचं डोकं असं काही नव्हतं. आम्ही दाबलेली अक्षरं दूरच्या मोठ्या संगणकाकडे जायची, तो उत्तर द्यायचा. रेल्वेनं आपल्या संगणकाच्या कामांसाठी १९८६ साली 'क्रिस' ही संस्था स्थापन केली. १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद इथल्या पाचही यंत्रणा एकमेकींना जोडल्या गेल्या आणि कुठल्याही खिडकीवरून कुठलंही तिकीट काढता यायला लागलं. त्या दिवसांत एका म्हाताऱ्या बाबांना चेन्नईहून नागपूरचं परतीचं तिकीट मी इथेच हातात दिलं. ते दोनदा विचारत होते, "नक्की ना पोरी? तिथं गेल्यावर कोणी उठवणार नाही ना?"

या संगणकाची खरी परीक्षा इथं असते. नागपुरात मी २३ नंबरचा बर्थ देतेय, त्याच क्षणी सिकंदराबादला दुसरं कोणी तोच मागतंय. एकालाच मिळाला पाहिजे, दुसऱ्याला त्याच क्षणी 'नाही' कळलं पाहिजे, आणि मध्येच वीज गेली तरी पैसे कापून तिकीट न मिळणं असं होता कामा नये. लाखो लहान कामं, सगळी एकाच वेळी, आणि चूक शून्य. बँकेचंही तसंच. काकू पुण्याला पैसे पाठवतात तेव्हा त्यांचा फोन म्हणजे आमच्या खिडकीसारखा असतो, आणि हिशेब ठेवणारा मोठा संगणक पलीकडे.


अंबाझरीकाठ (मंगळवार, दुपारी ४:४५)

वरचं वाचून सुपरकॉम्प्युटरबद्दल लिहावंसं वाटलं. तो मेनफ्रेमच्या अगदी उलट. लाखो लहान कामं नव्हे, एकच अवाढव्य गणित.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी ओसंडून वाहिला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. आमच्या घरात कमरेपर्यंत होतं. आईला खांद्यावर घेऊन वरच्या मजल्यावर नेलं. तेव्हापासून पावसाचा अंदाज कसा काढतात हे मी वाचत असतो.

सगळ्या पृथ्वीवरच्या हवेचे चौकोनी डबे कल्पायचे. प्रत्येक डब्यात तापमान, दाब, वारा, ओलावा. प्रत्येक डब्याचा शेजारच्या डब्यांवर परिणाम. हे सगळं पुढच्या काही मिनिटांसाठी सोडवायचं, आलेल्या उत्तरावरून त्यापुढच्या काही मिनिटांसाठी, असं दहा दिवसांपर्यंत. आणि उद्याचा अंदाज उद्याच्या आधी मिळायला हवा, नाहीतर उपयोग काय? म्हणून हजारो प्रोसेसर एकाच गणिताला एकत्र जुंपतात.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत २०१८ साली 'प्रत्युष' हा सुपरकॉम्प्युटर बसला, तेव्हा जागतिक अंदाजाचा डबा १२ किलोमीटरचा होता. नागपूर शहर सुमारे सव्वादोनशे चौरस किलोमीटर. म्हणजे अख्खं शहर दीड-दोन डब्यांत. हिंगण्याला पाऊस आणि कळमन्याला ऊन, हे त्यात दिसणार कसं? सप्टेंबर २०२४ मध्ये तिथेच 'अर्का' आला, ११.७७ पेटाफ्लॉप्सचा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ बारा हजार लाख कोटी आकडेमोडी. मे २०२५ पासून डबा ६ किलोमीटरवर आलाय. आता आपलं शहर सहा डब्यांत मावतं. पण डबा निम्मा केला की जमिनीवरचे डबे चौपट होतात आणि वेळेची पावलंही लहान करावी लागतात, म्हणून गणित कितीतरी पटींनी वाढतं. त्या पहाटेसारखा पाऊस नेमका कुठल्या वस्तीवर पडणार, हे सांगायला सहा किलोमीटरही मोठेच आहेत. माझ्या दृष्टीनं सुपरकॉम्प्युटर ही प्रतिष्ठेची वस्तू नाही. दोन तास आधी कळलं असतं तर आमच्या शेजाऱ्यांनी म्हशी सोडल्या असत्या.

आणि आपल्या मुलांना हेही सांगा. भारताचा पहिला सुपरकॉम्प्युटर 'परम ८०००' १९९१ साली पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेनं बनवला. त्याचे प्रमुख विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, आणि इंजिनिअरिंग शिकले ते नागपुरात, आज ज्याला व्हीएनआयटी म्हणतो त्या कॉलेजात.


गॅरेजवाला (मंगळवार, रात्री ९:००)

ताई, एक प्रकार तुम्ही सगळेच विसरून राहिले. जो दिसत नाही तो.

माझं मानेवाड्याला टू-व्हीलरचं गॅरेज आहे. १ एप्रिल २०२० पासून धुराचा नवा नियम, बीएस-६, आला आणि बहुतेक गाड्यांतला कार्बोरेटर गेला. आधी पेट्रोल-हवेचं मिश्रण मी स्क्रू फिरवून, इंजिनाचा आवाज ऐकून जमवत होतो. आता ईसीयू नावाचा डब्बा ते ठरवते. हवा किती गरम, थ्रॉटल किती उघडा, धुरात ऑक्सिजन किती, सगळं सेन्सरवरून पाहते आणि दर फेऱ्याला पेट्रोल किती सोडायचं ते सांगते. तो संगणकच आहे जी. त्याले पडदा नाही, कीबोर्ड नाही, एकच काम येते, पण ते काम तो झोपेतही चुकत नाही. वॉशिंग मशीन, एसीचा रिमोट, लिफ्ट, मेट्रोच्या दाराजवळचं कार्ड वाचणारं यंत्र, सगळ्यांत हाच प्रकार. जगात सगळ्यांत जास्त संगणक असेच आहेत.

सुरुवातीला लई भीती वाटली. वाटलं आता आपलं काम संपलं. मग ईसीयूतला बिघाड वाचणारा स्कॅनर घेतला, सहा महिने रात्री बसून शिकलो. आता चूक कुठं आहे ते गाडीच सांगते, पण ती चूक काहून झाली हे अजून मलेच शोधा लागते.


धरमपेठ_२२ (बुधवार, सकाळी ७:२०)

रात्री हा धागा पुन्हा वाचला आणि माझ्या नोट्स काढल्या. एक गोष्ट लक्षात आली. आम्ही पाठ करतो ती यादी प्रकारांची कमी आणि वंशावळीची जास्त आहे.

१९४६ मध्ये जगापुढे आलेल्या एनिअॅक या संगणकात सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब होत्या, वजन तीस टनांच्या आसपास. आपल्याकडे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ साली पहिला संगणक आला तो इंग्लंडहून. टीआयएफआर या संशोधन संस्थेनं मुंबईत स्वतः बनवलेला टिफ्रॅक १९६० चा. त्या काळी संगणक म्हणजे खोलीभर यंत्रच. १९६५ साली पीडीपी-८ आला तो कपाटात मावणारा, म्हणून तो 'मिनी'. लहान म्हणजे खोलीच्या मानानं लहान. पुढे १९७१ साली इंटेल ४००४ आला, २,३०० ट्रान्झिस्टरची एकच चिप, तिला मायक्रोप्रोसेसर म्हणाले. ती जात ज्यात बसली तो 'मायक्रो' संगणक. म्हणजे नावं त्या त्या वेळची आहेत. मिनीचं काम आज सर्व्हर करतात, आणि काकूंच्या फोनमधली चिप अब्जावधी ट्रान्झिस्टरची आहे.

परीक्षेत मी चारच प्रकार लिहीन, गुण त्यालाच आहेत. पण ताई, वर्गात तुम्ही कामावरून शिकवा. माझं पहिलं उत्तर घाईचं होतं.


बर्डीचा दुरुस्तीवाला (बुधवार, दुपारी १२:३०)

ताईंच्या वर्गासाठी दुकानातल्या दोन गोष्टी.

पहिली. लोक तणतणत येतात, "५१२ जीबी सांगितलं आणि संगणक ४७६ दाखवतोय, फसवलं." फसवलेलं नसतं. डिस्क बनवणारे जीबी मोजतात हजार-हजारानं, म्हणजे शंभर कोटी बाइट. विंडोज मोजते १०२४ नं, कारण दुप्पट-दुप्पट करत गेलं की हजाराच्या जवळ १०२४ येतो. माप तेच, शेर वेगळा. एक टीबीची डिस्क म्हणून ९३१ दाखवते.

दुसरी. रॅम आणि डिस्क यात सगळे गोंधळतात. डिस्क म्हणजे कोठीची खोली, रॅम म्हणजे ओटा. स्वयंपाक ओट्यावरच होतो. ओटा लहान असला की बाई दर दोन मिनिटांनी कोठीत फेऱ्या मारते, आणि लोक म्हणतात संगणक स्लो झाला. वीज गेली की ओटा पुसला जातो, कोठीतलं राहतं. म्हणून लिहिता लिहिता सेव्ह करा.

आणि आपल्या गावासाठी खास: उन्हाळ्यात लॅपटॉप कूलरच्या झोतात ठेवू नका. पाण्याच्या कूलरची हवा दमट असते, सोबत धूळ. ती पंख्यात जाऊन चिखलासारखी चिकटते, मग आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते. मे-जूनमध्ये माझ्याकडे निम्मे लॅपटॉप याच आजाराचे येतात. बाजूला ठेवा, खाली फळी द्या, गादीवर ठेवू नका.


वाचनालयातली ताई (रविवार, दुपारी १:५०)

आत्ताच वर्ग संपवून घरी आले. सगळ्यांना सांगायचं होतं.

इतवारीकर काकांची वजनं टेबलावर मांडली. मी काही बोलायच्या आत ७३ वर्षांच्या आजींनी अदपाव उचलला आणि म्हणाल्या, "हा आमच्या घरी तुपाला होता." मी म्हटलं, आजी, अकरा छटाक करा. त्यांनी अच्छेर ठेवला, पावशेर बाजूला सारला, अदपाव ठेवला, छटाक ठेवला. मी फळ्यावर १०११ लिहिलं. त्या फळ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बस, एवढंच?" मग अकराही जणींनी आपापलं वय वजनांवर मांडलं. वयांना वजनं अपुरी पडली तेव्हा ३२ आणि ६४ लिहिलेले खोके केले.

नातवाचा फोटो मोठा करत करत आम्ही डोळ्याच्या कडेच्या एका चौकोनापर्यंत गेलो. काळसर तपकिरी निघाला. त्याचे तीन आकडे काढून दाखवले. आजींनी ते वहीत लिहून घेतले आणि शेजारी नातवाचं नाव लिहिलं.

फोनवाल्या काकूंना मी सांगितलं, की तुमचा फोन हा पूर्ण संगणक आहे. त्याला ओटा आहे, कोठी आहे, आणि पैसे पाठवताना तो खिडकी होऊन दूरच्या मोठ्या संगणकाशी बोलतो. त्यांनी तिथेच बसून घरच्या ग्रुपवर मराठीत संदेश टाकला. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. पाठवण्याआधी मात्र त्यांनी अक्षरं मोजली, काना-मात्रा धरून.

पुढच्या रविवारी सगळ्याजणी घरच्या मीटरची लुकलुक मोजून आणणार आहेत. काका, वजनं संध्याकाळी परत आणून देऊ का?


इतवारीकर (रविवार, दुपारी २:०५)

तिथंच राहू द्या. माळ्यावर गंजत होती.